कावेरीबाईचे सात ‘वाढू का?’

६ जानेवारी २०२५, सोमवार. कळंब

ही वही पुराव्यासाठी आहे. उद्या कुणी म्हणायला नको की नाटकाची वाट लागत होती तेव्हा भागवत सलगर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. कोण कुठं चढलं अन् कुठं उतरलं हे मला अजून सांगता येतं. इथंही तसंच लिहिणार, तारीखवार.

सकाळी साडेदहाला आडतवाल्या महालिंगप्पांची नात शिवरंजनी घरी आली. पोरगी पुण्यात सिनेमे काढते. वाकून पाया पडली अन् म्हणाली, “काका, ‘स्टेशनवरचा जावई’वर सिनेमा करतेय. शूटिंग इथंच, कळंबात आणि येडशीच्या स्टेशनवर. तुमच्याशिवाय होणार नाही.”

बरोबरच आहे. ‘स्टेशनवरचा जावई’ हे नाटक आमच्या मंडळानं यात्रेत सत्तावीस वर्षं केलं अन् सत्तावीस वर्षं त्यातली कावेरीबाई मीच. पोरीची आई. नऊवारी नेसून, कपाळाला कुंकू लावून. बायका तेव्हा स्टेजवर यायच्या न्हाईत. अजून बाजारात जुनी माणसं “काय कावेरीबाई, निघाल्या कुठं?” अशी हाक मारतात अन् मी वळून बघतो.

नाटक असं आहे. पोरीला बघायला जावई येणार म्हणून स्टेशनवरून एका माणसाला घरी आणतात. तो असतो भलताच, एक बेकार पेटीवाला. चार दिवस त्याचा पाहुणचार चालतो, घरात कुणाला पत्ता न्हाय. फक्त कावेरीबाई पहिल्याच पंगतीला ओळखते. कारण आमच्याकडं बोलणी पक्की झाल्याशिवाय मुलाकडचा माणूस पोरीच्या घरचं गोड तोंडाला लावत न्हाय, अन् हा गडी पुरणपोळीवर तुटून पडतो. कावेरीबाई एका शब्दानं काही म्हणत न्हाय. नुसती वाढत राहते. “वाढू का?” असं सात वेळा विचारते अन् सातही वेळा निराळं. पहिल्यांदा मानानं, दुसऱ्यांदा कौतुकानं, तिसऱ्यांदा जरा थांबून. सातव्याला माणसं पोट धरून आडवी व्हायची. ह्या प्रवेशाला आम्ही ‘पंगत’ म्हणतो. माणसं नाटकाला यायची ती पंगतीसाठी.

मग शिवरंजनीनं कागद काढला. सिनेमाचं नाव, ‘जावई डॉट कॉम’. डॉट कॉम! पेटीवाला आता मोबाईल दुरुस्त करतो. पोरीची सोयरीक फोनवर जुळते. कावेरीबाई स्कुटी चालवते. अन् शेवट? मूळ नाटकात तोतयाला धरून झोडपतात अन् गाढवावर बसवून हाकलतात. सिनेमात कावेरीबाई त्याला ठेवून घेते. जावई म्हणून!

“अगं पोरी,” म्हणलं, “मग पंगत कशासाठी? ओळखायचं कशाला, जर ठेवूनच घ्यायचं तर?”

“तेच शोधतेय काका,” म्हणाली.

शोधतेय म्हणे. अन् कावेरीबाई कोण करणार, तर पुण्याची अर्पिता नावाची बाई. मी फक्त पंगत शिकवायची. पडद्यावर माझं नाव येणार. रागानं तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण महालिंगप्पांची नात म्हणून हो म्हणलं. शिवाय आपण नसलो तर हे लोक पंगतीत पिझ्झा वाढतील.

दुपारी जेवायला बसलो. ही भाकरी घेऊन उभी राहिली अन् म्हणाली, “वाढू का?” त्या तेवढ्या दोन शब्दांवरून कळलं की आत बसून सगळं ऐकलंय अन् पदर तोंडाला लावून हसलीय. हिला कशाचंही हसू येतं.

९ जानेवारी, गुरुवार

शिवरंजनी फोनवर आवाज भरून घ्यायला आली. म्हणाली, मूळ पुस्तक मिळेल कुठंतरी, पण मला कळंबचं नाटक पाहिजे, तुम्ही करायचा ते. मी म्हणलं, लिही, सगळं पाठ आहे.

पहिला अंक. कावेरीबाई म्हणते, “अवं, गाडी आली का?” त्यावर तिचा नवरा काहीतरी म्हणतो. मग कावेरीबाई म्हणते, “मग पडवीत अंथरते.” त्यावर तो परत काहीतरी म्हणतो.

“काय म्हणतो, काका?”

आता हे कसं सांगायचं? नाटकवाल्यांना ठाऊक आहे, पण ह्या पोरांना न्हाय, म्हणून लिहितो. आम्हाला सगळं नाटक कधीच मिळायचं न्हाय. ज्याची त्याची नक्कल मिळायची. म्हणजे आपली वाक्यं अन् त्याआधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द, एवढीच वही. सगळं नाटक फक्त पडद्यामागून वाक्यं सांगणाऱ्याकडं. आमचा सांगणारा उत्तरेश्वर. त्याची वही पाण्यात भिजून गेली त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा दुसऱ्यांची वाक्यं मला येत न्हाईत यात माझा काही कसूर न्हाय. ही पद्धतच होती.

तेवढ्यात आतून आवाज. ही मेथी निवडत बसली होती. “तो म्हनतो, पडवीत नगं, माजघरात अंथर, जावाई हाय, ढोर न्हाय.”

“मधी मधी बोलू नको,” म्हणलं.

“बरं,” म्हणाली. पण मी अडलो की हळूच पुढचं म्हणायचीच. अमरसिंहाचं म्हणायची, अमरसिंह म्हणजे तोतया करायचा तो, देवाघरी गेला. पोरीचं म्हणायची, न्हाव्याचं म्हणायची. दुसऱ्याचं वाक्य म्हणताना आवाजही तसाच काढायची. मला शेवटी ओरडावं लागलं. तरी शिवरंजनीनं फोन उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. तिथं रेंज बरी येत असंल.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेतला. गोड बोलणार न्हाय. आज कळलं की सिनेमात पुरणपोळी पण काढलीय, गुलाबजाम ठेवलेत. गुलाबजाम वाढताना वेळ कुठं लागतो? पोळी कशी, वाढायची, त्यावर तूप सोडायचं, तूप मुरेस्तोवर पाहुण्याकडं बघायचं. सगळा अभिनय त्या तुपात आहे! शिवरंजनीला फोन करून चांगलं सुनावलं. म्हणाली, “काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पुरणपोळीच ठेवते.”

जिंकलो. हिला सांगितलं. ही म्हणाली, “तुपाचं त्या दिवशी म्याच म्हनलं न्हवं का तिला?” असंल. आधी कुणी म्हणलं त्याला महत्त्व नसतं, ठासून कुणी सांगितलं त्याला असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज डोकं फिरायची वेळ आली.

शिवरंजनीला धाराशिवच्या एका जुन्या वाचनालयात नाटकाचं छापील पुस्तक मिळालं. पिवळं पडलेलं, कडा खाल्लेल्या. ओसरीवर बसून तिनं उघडून दाखवलं. कावेरीबाईला सगळ्या नाटकात अकरा वाक्यं. अकरा! अन् पंगतीच्या जागी कंसात एक ओळ आहे, “कावेरीबाई वाढते.” पुढं लगेच दुसरा प्रवेश.

सात वेळा विचारणं न्हाय. तूप न्हाय. तोतयाला तिनं ओळखल्याचंही न्हाय. पुस्तकात त्याला ओळखतो तो न्हावी, तोही शेवटच्या पानावर.

“काका, मग पंगत आली कुठून?”

म्हणलं, “कुठून म्हणजे? अंगातून. कला असती ती, पुस्तकात थोडीच सापडती.”

ती गेल्यावर मात्र आठवत बसलो. पहिली तीन-चार वर्षं माझ्या वाढण्याला माणसं बिड्या ओढायला उठायची, हे खरं आहे. आमचं लग्न ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर झालं. त्र्याऐंशीच्या तालमी आमच्याच अंगणात होत्या, कारण लुगडं हिचं अन् नेसवणारीही हीच. मला काही ते निऱ्यांचं केळं जमायचं न्हाय. एकदा तालीम झाल्यावर ही म्हणाली, “गडी वाढायलाय त्ये लांबून दिसतंय. बाई अशी वाढत नसती.” अन् तिनं काहीतरी करून दाखवलं बिखवलं. नेमकं काय ते आता ध्यानात न्हाय. दुसऱ्या दिवशी मी केलं अन् सगळी तालीम हसून हसून बंद पडली. तेव्हापासून पंगत गाजली. म्हणजे मीच गाजवली. स्टेजवर कोण होतं? मी.

२२ जानेवारी, बुधवार

अर्पिताबाई आल्या. चाळिशीच्या, सरळ बाई, नखरा न्हाय, तरी राग आलाच. माझं लुगडं नेसून माझ्या ओसरीवर उभी! मी शिकवायला उठलो. पहिलं “वाढू का?” केलं, दुसरं केलं, तिसऱ्याला वाकलो तर गुडघा कटकन वाजला. तसंच रेटलं. चौथं काही केल्या आठवेना. पाचवं आठवतं, सहावं, सातवंही. चौथं हरवलं. मी दोनदा पहिल्यापासून सुरू केलं अन् दोन्हीदा तिथंच अडलो. ती बाई बिचारी ताट धरून उभी.

आतून ही काही बोलली न्हाय. मीच गप्प बस म्हणलं होतं ना. पण भांडं आपटल्याचा आवाज आला.

संध्याकाळी उत्तरेश्वराकडं गेलो. ऐंशी वर्षांचा झालाय, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलणं ठणठणीत. म्हणलं, “उत्तरेश्वर, सिनेमावाल्यांना सांग की पंगत भागवतची. तू सांगणारा होतास, तुझ्या शब्दाला वजन आहे. अन् चौथं कसं होतं ते पण सांग.”

तो हसायला लागला. “मला काय इचारतो? मला तवाबी कंदिलात अक्षर दिसत न्हवतं रं. वयनी मागं उभ्या असायच्या लुगडं सावरायला, त्याच सांगायच्या समद्यांना. म्या नुसती वही धरून बसायचो, मंडळात नाव हुतं म्हनून. तुला कोन सांगत हुतं असं वाटलं?”

“तू!”

“बायकी आवाजात?” म्हणाला अन् खोकत सुटला.

म्हातारपणी माणसं काहीही बरळतात. चहा न घेता उठून आलो. स्टेजवर उभं राहिल्यावर मागून आलेला आवाज बायकी का गड्याचा कोण बघतो? आपलं वाक्य आलं की घेतलं. चालत्या गाडीत डबल बेल कुणी मारली हे ड्रायव्हर विचारतो का!

घरी आल्यावर हिला यातलं काही विचारलं न्हाय. कशाला उगी.

२८ जानेवारी, मंगळवार

 तारीखवार म्हणलंय ना, मग आजचंही आलंच.

गुडघा दाखवायला धाराशिवला गेलो होतो. डॉक्टर रजेवर. एकच्या गाडीनं माघारी आलो. दारात चपला दिसल्या, शिवरंजनीच्या अन् अर्पिताबाईच्या. मला न सांगता! माझ्या माघारी! मी हाक मारणार तेवढ्यात आतून ऐकू आलं, “वाढू का?”

चौथं.

ऐकल्याबरोबर ओळखलं. ते खालच्या आवाजात असतं. चौथ्याला कावेरीबाई पाहुण्याला विचारतच न्हाय, स्वतःला विचारते. मी दाराआड उभा राहिलो. फटीतून दिसत होतं. ही कमरेला पदर खोचून, हातात रिकामी तुपाची वाटी घेऊन उभी. बासष्ट वर्षांची बाई. पाचवं केलं, सहावं केलं. सातव्याला तिनं वाटी नुसती तिरकी केली अन् भुवई एवढीशी उचलली, अन् त्या दोघी पोरी फरशीवर बसून डोळे पुसायला लागल्या. मी एवढी वर्षं भुवई कपाळात न्यायचो. तिची तांदळाच्या दाण्याएवढी हलली.

“काकू, हे तुम्हाला सुचलं कसं?” शिवरंजनीनं विचारलं.

ही म्हणाली, “सुचायचं काय त्यात? झालेलंच हाय. ह्ये मला बघायला आल्ते शिराढोणला. रातपाळी करून, बिनन्याहारीचे. आमच्यात बोलनी झाल्याबिगर गोड खात नसत्यात. ह्यांच्या मामानं मांडीला चिमटं काढून काढून मांडी लाल केली आसंल. ह्यांनी सात पोळ्या खाल्ल्या. सात! माजी आय वाढत हुती अन् म्या दाराआडून बघत हुते. आय परत्येक पोळीला इचारायची, वाढू का? अन् ह्ये दर बारीला मान हलवायचे.”

मला तिथंच जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. शिराढोणच्या यात्रेत पंगतीला बायकांच्या बाजूनं एवढं हसू का यायचं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला वाटायचं, माझा अभिनय. अख्ख्या गावाला ठाऊक! मी लुगडं नेसून, मिशी काढून, माझीच फजिती दरसाल करून दाखवत होतो, अन् हिनं ती मला घरी बसून शिकवली होती.

“मग घरचे नको म्हणाले असतील,” अर्पिताबाई म्हणाल्या.

“समदे नगंच म्हनले. चुलता म्हनला, ह्ये खानदानी न्हाय, भुक्कड हाय. म्या आयला सांगितलं, ह्योच. नाव-गाव उद्या खोटं निघंल, पर भूक खोटी न्हवती त्याची. जे हाय त्ये तोंडावर दावतो. असा मानूस फशिवनार न्हाय.”

शिवरंजनीनं कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, “काकू, माझा शेवट मिळाला.”

मी पाऊल न वाजवता मागं फिरलो. आडतीच्या कट्ट्यावर पाचपर्यंत बसलो. लोकांनी विचारलं, कावेरीबाई, आज बाजारात कशा? वळून बघितलं न्हाय.

२९ जानेवारी, बुधवार

सगळी रात्र राग राग झाला. बेचाळीस वर्षं घरात माझ्यावर हसली. मला ठाऊक नसताना! अन् परक्या पोरींना सांगितलं, मला कधी न्हाय.

सकाळी शिवरंजनी कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, पंगतीचा प्रवेश कुणी रचला, त्याचं नाव सिनेमात येईल, इथं नाव लिहा अन् सही करा. ही ओट्यापाशी चहा गाळत होती.

शिवरंजनी म्हणाली, “काका, नाव तुम्ही विचार करून लिहा.”

मी लिहिलं, भागवत सलगर.

“तुमचं एकट्याचंच?”

“मग कुणाचं? स्टेजवर कोण होतं?”

ती हिच्याकडं बघत राहिली. ही चहा गाळतच राहिली. मी सही ठोकली. पेन कागदातून पार गेलं.

शिवरंजनी गेल्यावर हिनं विचारलं, “केली सही?” म्हणलं, “केली.” “बरं,” म्हणाली.

दुपारी ताट वाढून ठेवलेलं होतं. दोन भाकरी, भाजी, झाकण. ही शेजारी गेली होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

येडशी स्टेशनला शूटिंग. मला बोलावलं होतं. गेलो न्हाय. गुडघा.

आजही ताट झाकून ठेवलेलं. भाकरी मोजून दोन. तिसरी हवी असली तर टोपली समोर आहे, हात आहेत, असं असंल. मी तिसरी घेतली न्हाय.

११ मार्च, मंगळवार

लिहायला काही न्हाय. फक्त एक नोंद. ही बोलते, सगळं नीट बोलते, औषध घेतलं का विचारते, फोनवर लेकीशी हसते. पण जेवताना उभी राहून विचारत न्हाय. मी एकदा मुद्दाम ताट रिकामं करून तसाच बसलो. ही आली, ताट उचलून घेऊन गेली.

हे काय वागणं झालं? मी काय चोरी केली का? नाव लिहिलं ते खरंच लिहिलंय. लुगडं नेसून उन्हातान्हात, थंडीत, दाढी तासून मी उभा राहिलो. लोक मला हसले. ही पडद्यामागं होती. पडद्यामागचं कोण लिहितं?

१७ ऑगस्ट, रविवार

सिनेमा पुढच्या महिन्यात लागणार आहे. त्याआधी कळंबच्या माणसांना म्हणून शिवरंजनीनं मंगल कार्यालयात पडदा लावून दाखवला. सकाळी दहाला. तीन-चारशे माणूस. उत्तरेश्वरालाही नातवानं गाडीवर बसवून आणलं होतं. आम्ही दोघं पहिल्या रांगेत. ही हिरवं लुगडं नेसून आली होती, तेच, नाटकातलं, माझं. म्हणजे तिचंच.

पंगत आली. अर्पिताबाईंनी चौथं “वाढू का?” केलं अन् कार्यालयात टाचणी पडली तर ऐकू येईल असं शांत झालं. सातव्याला छप्पर उडालं. मी हळूच बाजूला बघितलं. ही हसत नव्हती. ओठ हलत होते. सगळ्यांची सगळी वाक्यं, एका मागं एक, आवाज न करता. अर्पिताबाई म्हणायच्या आधी हिच्या ओठावर वाक्य यायचं. एवढी वर्षं माझ्या पाठीमागं हे असं चाललं होतं अन् मी पब्लिककडं तोंड करून उभा होतो. बघणार कसं?

शेवट आला. घरचे तोतयाला मारायला धावतात अन् कावेरीबाई आडवी होते. म्हणते, “नाव खोटं होतं त्याचं. भूक खोटी नव्हती.” माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. मला समोरचं दिसेना. डोळ्यांत काय गेलं कोण जाणे.

मग नावं सुरू झाली. लोक चपला शोधायला लागले. मी उठून उभा राहिलो अन् चालत्या गाडीत ओरडायचो तसा ओरडलो, “बसा! नावं व्हायचीत!” माणसं बसली.

माझं नाव आलं. ठळक अक्षरात, एकटं. “पंगतीचा प्रवेश, भागवत सलगर.” टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली, “कावेरीबाई!” त्यानंतर मंडपवाले, गाडीवाले, लाईटवाले. अन् खाली, अगदी खाली, बारीक अक्षरात, “आभार. चहा व जेवण, सौ. हरणाबाई सलगर.” वाचेपर्यंत गेलंसुद्धा.

चहा व जेवण!

माझं टाळकं सटकलं. पुढं जाऊन पडद्यापुढंच उभा राहिलो. शिवरंजनीला म्हणलं, “ही काय बेइमानी आहे? चहाचे आभार? सगळं नाटक जिच्या तोंडात आहे, जिनं आईचं बघून उचललं, मला वाढायला शिकवलं, मला उभं केलं, पडेल तिथं सावरलं, तिचं नाव आचाऱ्याच्या ओळीत? लाज न्हाय वाटत?”

 शिवरंजनी एवढंच म्हणाली, “काका, सही तुम्ही केली होती. मी दोनदा विचारलं.”

“मग दोनदा विचारून थांबायचं व्हय? कान पकडायचा माझा! म्हातारा मूर्खासारखा वागतोय तर हाणायचं न्हाय का दोन!”

मागून उत्तरेश्वराचा आवाज आला, “म्या सांगितलं हुतं ह्याला!” अन् माणसं हसली. मला हसू आलं न्हाय. मी कागद मागितला. बदलता येईल का विचारलं. म्हणाली, येईल, बदल करायला अजून आठ दिवस आहेत. तिथंच, सगळ्यांपुढं, पेन घेऊन लिहिलं. पंगतीचा प्रवेश, हरणाबाई सलगर. त्याखाली, हरणाबाईंच्या आई, शिराढोण. सासूबाईंचं नाव ऐनवेळी आठवेना, त्याचीही लाज वाटली. हीच पुढं आली अन् म्हणाली, “मथुराबाई.” परत मी अडलो अन् परत तिनं सांगितलं. तेही लिहिलं. माझं नाव खोडलं.

“तुमचंबी ऱ्हाऊ द्या की,” ही म्हणाली.

“कशासाठी?”

“पोळ्या तुमी खाल्ल्या न्हवं.”

तर माझं नावही राहिलं. तिसरं.

साडेबाराला घरी आलो. ही नेहमीसारखी चुलीकडं निघाली. म्हणलं, “बस.” म्हणाली, “का?” म्हणलं, “बस म्हणलं ना.” तिच्यापुढं ताट मांडलं. सकाळच्या भाकरी होत्या, दोडक्याची भाजी होती. एवढी वर्षं स्टेजवर वाढलं अन् घरात तूप कुठल्या डब्यात असतं ते मला सापडेना. तीन डबे उघडले. चौथ्यात मिळालं. भाकरी वाढताना मोडली. तूप ताटाबाहेर सांडलं. ही बघत होती.

तिची पहिली भाकरी संपत आली तसा मी वाटी घेऊन वाकलो. गुडघा वाजला. म्हणलं, “वाढू का?”

हरणाबाईंनी तोंडातला घास गिळला.

“चुकलं,” म्हणाली. “परत म्हना.”

परत म्हणलं.